सोनोग्राफीचा रिपोर्ट लिहिणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना खुलं पत्र: 'ग्रेड २' म्हणजे नक्की किती?

नमस्कार डॉक्टर,

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे माझं लिव्हर तुमच्यापैकी तिघांनी बघितलंय, पण चेहरा कुणाच्या लक्षात नसणार, कारण त्या अंधाऱ्या खोलीत मी छताकडे बघत होतो आणि तुम्ही स्क्रीनकडे. थंडगार जेल, 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' आणि पाचेक मिनिटांत टिश्यू पेपर हातात. तक्रार नाहीये, बाहेर बाकड्यावर केवढी रांग असते ते मी बघितलंय. पण त्या पाच मिनिटांतून जो कागद बाहेर येतो त्याबद्दल बोलायचंय आणि ते एकेकाला गाठून बोलणं शक्य नाही म्हणून हे सगळ्यांना मिळून लिहितोय.

माझी गोष्ट आधी सांगतो, फार मोठी नाहीये. चार वर्षांपूर्वी मूतखड्याची शंका म्हणून पोटाची सोनोग्राफी केली, खडा काही निघाला नाही पण खाली शेवटच्या ओळीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असं आलं. ज्यांनी तपासायला पाठवलं होतं ते म्हणाले हे हल्ली सगळ्यांनाच असतं, सोडून द्या. सोडून दिलं. दीड वर्षाने दुसरीकडे केली तर 'ग्रेड २'. मग घाबरलो, वजन ८८ होतं ते ८१ वर आणलं, आठ महिने लागले, रोज चालणं, रात्रीचं लवकर जेवण, सगळं केलं. आणि मोठ्या उत्साहात तिसऱ्यांदा सोनोग्राफीला गेलो, ती तिसऱ्याच ठिकाणी, तर पुन्हा 'ग्रेड २ फॅटी लिव्हर'. काही फरक नाही. त्या दिवशी घरी येऊन मी बूट काढले ते पुढचे दोन आठवडे घातलेच नाहीत.

(त्याच तिसऱ्या रिपोर्टमध्ये 'पित्ताशय नॉर्मल, खडे नाहीत' असंही लिहिलं होतं. माझं पित्ताशय २०१६ मध्ये काढून टाकलंय. खडे नाहीत हे मात्र खरं आहे, त्यात चूक काढता येणार नाही.)

तर त्या दोन आठवड्यांत मी जरा वाचायला बसलो की ही ग्रेड येते कुठून, आणि तेव्हा कळलं की ही मोजलेली नसतेच, बघून ठरवलेली असते. तुम्हाला हे माहीतच आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या माझ्यासारख्यांना नसेल म्हणून लिहितो. पेशींमध्ये चरबीचे बारीक थेंब साठले की त्यांच्यावर आपटून आवाजाच्या लाटा जास्त विखुरतात, त्यामुळे लिव्हर स्क्रीनवर पांढरट दिसतं, शेजारच्या उजव्या किडनीपेक्षा जास्त उजळ. नुसतं उजळ असेल आणि बाकी सगळं नीट दिसत असेल तर ग्रेड १. आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि डायफ्रॅमची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याची, रेघ पुसट व्हायला लागली की २. आणि आवाज आत जाता जाता इतका संपला की लिव्हरचा मागचा भाग आणि डायफ्रॅम दिसेचनात तर ३. कल्पना चांगलीच आहे, मला आवडली. पण 'पुसट' आणि 'जास्त पुसट' यातली रेघ कुठे मारायची हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर आहे, आणि उजळपणा तर मशीनच्या गेनचं बटण फिरवलं तरी बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलली तरी बदलतो, प्रत्येक कंपनीचं मशीन इमेजवर आपापली पॉलिश मारतं ते वेगळंच. पोटावर चरबीचा जाड थर असेल तर आवाज लिव्हरपर्यंत पोचायच्या आधीच अर्धा थकलेला. किडनीलाच आजार असेल तर तुलना कुणाशी करणार? लिव्हर कडक झालं असेल तरी ते पांढरट दिसू शकतं. एकच लिव्हर दोन डॉक्टरांनी बघितलं तर ग्रेड वेगळी येऊ शकते, इतकंच काय त्याच डॉक्टरांनी त्याच इमेज काही दिवसांनी परत बघितल्या तरी स्वतःशीच मत जुळत नाही असं अनेक अभ्यासांत दिसलंय.

म्हणजे माझी पहिली १, दुसरी २ आणि तिसरी २ या तीन वेगळ्या डोळ्यांनी तीन वेगळ्या मशीनवर दिलेल्या तीन वेगळ्या ग्रेड होत्या आणि मी त्या एका रांगेत लावून त्यातून आलेख काढत बसलो होतो. चूक माझीही आहे. पण रिपोर्टवर तसं करू नका असं कुठे लिहिलेलं नव्हतं हो.

आता कुणी म्हणेल मग सोनोग्राफी टाकाऊ आहे का, तर अजिबात नाही. चरबी बऱ्यापैकी असेल, म्हणजे २० ते ३० टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये, तर साधी सोनोग्राफी ती छान पकडते, २०११ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला त्यात अशा शंभरातल्या ८५ जणांना तिने बरोबर ओळखलं आणि ज्यांना तेवढी चरबी नाही त्यांच्यातल्या ९४ टक्के लोकांना बरोबर सोडलं. सुई नाही, रेडिएशन नाही, पटकन होते. घोळ होतो तो खालच्या टोकाला. फॅटी लिव्हरची व्याख्या सुरू होते ५ टक्के पेशींपासून, आणि तुमच्या डोळ्याला दिसायला लागतं साधारण २० च्या पुढे, मधला जो पट्टा आहे तिथले लोक 'लिव्हर नॉर्मल' असा कागद घेऊन खुशीत घरी जातात. माझ्या मोठ्या ताईचं असंच झालं, डायबेटिस आहे, लिव्हरचे एन्झाइम वाढलेले, पण सोनोग्राफीत 'नॉर्मल' आलं म्हणून तीन वर्षं कुणी तिकडे बघितलं नाही. तिच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही, बघितलं तेव्हा दिसलं नसेल. पण 'दिसलं नाही' आणि 'नाहीये' हे दोन वेगळे शब्द आहेत की नाही?

मग मला कुणीतरी सांगितलं की चरबी मोजायचीही सोय आहे, अल्ट्रासाउंडनेच. फायब्रोस्कॅन नावाचं मशीन, त्यात कॅप नावाचं माप, २०१० पासून आहे म्हणे. तत्त्व तेच जे तुम्ही डोळ्याने बघता, आवाज चरबीत शिरला की लवकर विरतो, फक्त इथे किती विरला ते मशीन मोजतं आणि आकडा देतं, १०० ते ४०० च्या मध्ये, डेसिबल प्रति मीटर. इमेज नाही, पांढरं-काळं नाही. बरगड्यांच्या मधून प्रोब लावतात, टकटक करून दहा वेळा मोजतात आणि मधला आकडा घेतात. उपाशीपोटी जायचं, निदान तीन तास.

योगायोग असा की दुसऱ्या सोनोग्राफीनंतर, म्हणजे वजन कमी करायच्या आधी, ऑफिसच्या एका हेल्थ चेकअपमध्ये माझं हे झालं होतं आणि मी तो कागद न वाचताच फाइलला लावला होता. त्यात कॅप ३१२. दोन आठवडे रुसून बसल्यावर त्याच ठिकाणी त्याच मशीनवर परत केलं तर २६१. म्हणजे ज्या आठ महिन्यांत ग्रेड जागची हलली नाही त्याच आठ महिन्यांत आकडा ५१ ने खाली. तुमच्या लक्षात येतंय का मला काय वाटलं असेल? आनंद वगैरे नंतर, आधी रागच आला. वजन आठ टक्के कमी झालं होतं, आणि ५ टक्के कमी झालं तरी लिव्हरची चरबी उतरायला लागते हे तुमचीच पुस्तकं सांगतात, मग तिसरा रिपोर्ट लिहिणाऱ्यांना माझं आधीचं वजन आणि आधीच्या इमेज बघाव्याशा वाटल्या नाहीत? (मी नेल्या नव्हत्या हेही खरंय. पण मागितल्याही नव्हत्या.)

पण थांबा, मी आकड्याचा भक्त झालोय असं समजू नका, कारण नंतर आकड्याचंही पितळ थोडं उघडं पडलं. २६१ चा कागद घेऊन गेलो तर एक जण म्हणाले वा, तुम्ही एस ३ वरून एस १ वर आलात! एस म्हणजे चरबीची पायरी, १ थोडी, २ मध्यम, ३ जास्त. मला भारी वाटलं, मग घरी येऊन शोधलं. २०१७ मध्ये २७०० हून जास्त लोकांचा डेटा एकत्र करून ज्या कटऑफ काढल्या त्या अशा: २४८ च्या पुढे एस १, २६८ च्या पुढे एस २, २८० च्या पुढे एस ३. आता २६८ आणि २८० मध्ये अंतर किती, तर १२. आणि दहा मोजण्यांमध्ये आपापसात ३० ते ४० चा पसारा असला तरी ते मोजमाप चालवून घेतात. म्हणजे बारा इंचाची वस्तू मोजायला तीस इंच हलणारी पट्टी. चरबी आहे की नाही हे सांगायला कॅप बरं आहे, पण थोडी की मध्यम की जास्त हे त्याच्यावरून ठरवणं म्हणजे पुन्हा तीच ग्रेडची गंमत, फक्त या वेळी आकड्याचे कपडे घालून. त्यात जाड माणसाचा आणि डायबेटिसवाल्याचा आकडा तसाही थोडा वर येतो, त्यासाठी वजावट करायची असते, ती कुणी करत नाही. आणि युरोपातल्या लिव्हरतज्ञांनी तर नंतर २७५ हीच एक रेघ सुचवली, म्हणजे त्या हिशोबाने मी आता फॅटी लिव्हरच्या अलीकडेच आलो. एकाच कागदावर मी एस १ पण आणि बरा पण.

म्हणून ५१ चा उतार मी मानतो, एस ३ चं एस १ मानत नाही. तेच मशीन, तीच मोजायची पद्धत, आधी आणि नंतर, आणि फरक पसाऱ्यापेक्षा मोठा, एवढं असेल तरच त्यातून काही बोलता येतं असं माझं मत झालंय.

आता तर तुमच्या नेहमीच्या सोनोग्राफी मशीनमध्येच हे मोजमाप यायला लागलंय आणि मला वाटतं खरा उपयोग तिथेच होणार, कारण इमेज बघत बघत जागा निवडता येते, मोठी रक्तवाहिनी टाळता येते, लिव्हरच्या कव्हरच्या अगदी खालचा भाग सोडून थोडं आत बॉक्स ठेवता येतो, पित्ताशयाशेजारी चरबी नसलेला जो तुकडा कधीकधी असतो तिथे फसायला होत नाही. पण नावं बघा, एका कंपनीचं एटीआय, दुसरीचं यूगॅप, तिसरीचं यूडीएफएफ. पहिल्या दोन्हींत आकडा ०.६ किंवा ०.७ असा येतो, डेसिबल प्रति सेंटीमीटर प्रति मेगाहर्ट्झ, तर कॅपवाला प्रति मीटर, साडेतीन मेगाहर्ट्झवर. मी हौसेने भागाकार करून एकाचं दुसऱ्यात करून बघितलं, तसं चालत नाही, प्रत्येक मशीनचा हिशोब आत वेगळा आहे आणि कटऑफही वेगळी. तिसऱ्यात तर थेट टक्के येतात आणि तिथे आणखी एक खड्डा आहे. बायोप्सीचे (सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून बघतात ती) टक्के म्हणजे शंभरातल्या किती पेशींमध्ये थेंब दिसले, आणि एमआरआयचे टक्के म्हणजे सिग्नलमधला चरबीचा वाटा, हे मशीन एमआरआयच्या मापाशी जुळवलेलं. बायोप्सीत दोनतृतीयांश पेशी भरलेल्या असल्या तरी एमआरआयचा आकडा साधारण विशीच्या आसपासच असतो. त्यामुळे १८ टक्के बघून पेशंटला वाटतं थोडंच आहे की, आणि त्या मापात १८ म्हणजे बरंच झालं. हे तुम्ही एका ओळीत लिहू शकता. आम्हाला शोधायला तीन रात्री लागतात.

हे सगळं एकसारखं व्हावं म्हणून काम चाललंय हे मला माहीत आहे, अमेरिकेत एआययूएम (अल्ट्रासाउंडवाल्यांची संस्था) आणि क्विबा (इमेजमधल्या मोजमापांवर काम करणारी आघाडी) यांनी मिळून अल्ट्रासाउंडच्या मोजमापासाठी पेक्वस म्हणून उपक्रम काढलाय, अल्ट्रासाउंडच्या जागतिक फेडरेशनने २०२४ मध्ये फक्त लिव्हरमधली चरबी मोजण्यावर वेगळं मार्गदर्शन काढलं. पण ते होईपर्यंत निदान मशीनचं नाव, मापाचं नाव, युनिट, किती वेळा मोजलं, पसारा किती, हे रिपोर्टवर येऊ द्या. माझ्या २६१ च्या कागदावर पसारा छापलेलाच नव्हता, काउंटरवर विचारलं तर ताई म्हणाल्या ते पेशंटला लागत नाही.

आणि आता मला जे सगळ्यात जास्त बोचलं ते. फायब्रोस्कॅनच्या पहिल्या, ३१२ वाल्या कागदावर, कॅपच्या शेजारी, आणखी एक आकडा होता. ६.१ किलोपास्कल. लिव्हर किती कडक आहे त्याचा. त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही, मीही नाही, आम्ही सगळे चरबी चरबी करत होतो. आणि नंतर वाचलं की पुढे कुणाला सिरोसिस होणार, कुणाचं लिव्हर निकामी होणार हे चरबीच्या आकड्यावर फारसं ठरतच नाही, ते ठरतं फायब्रोसिसवर, म्हणजे जखमेचे व्रण साठून लिव्हर किती कडक झालं त्यावर. साधारण ८ च्या खाली असेल तर निवांत, १२ च्या वर गेलं तर लिव्हरवाल्या डॉक्टरांकडे लगेच. माझा ६.१ हा त्या कागदावरचा सगळ्यात चांगला निरोप होता आणि तो मला आठ महिने कुणी दिला नाही.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे आजार फार पुढे गेला, सिरोसिस झाला, की चरबी आपोआप कमी होते, जळून गेल्यासारखी. अशा माणसाची ग्रेड २ वरून १ झाली तर घरचे खूश होतील. सोनोग्राफीचा रिपोर्ट म्हणेल सुधारणा आहे. आणि आत लिव्हर दगड होत चाललेलं असेल. चरबीचा आकडा एकटा सोडायचाच नाही, त्याच्याबरोबर कडकपणाचा काहीतरी अंदाज हवाच, आणि मशीन नसेल तर रक्ताच्या साध्या तपासण्यांतून फिब-४ काढता येतो की: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ (एएसटी आणि एएलटी हे लिव्हरचे दोन एन्झाइम). १.३ च्या खाली असेल तर बहुतेक काळजी नाही, वय ६५ च्या पुढे असेल तर २ धरतात. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम. ताईचा मी काढला, १.९ आला, तिचं वय ५८. मग मात्र तिला पुढे पाठवलं. तिच्या 'नॉर्मल' रिपोर्टखाली 'डायबेटिस असल्यास फिब-४ बघावा' एवढी ओळ असती तर?

तर मागणं काय आहे. नवीन मशीन घ्या असं मी म्हणत नाही, ते तुमच्या हातात नसतं बऱ्याचदा. ग्रेड बंद करा असंही नाही, पण ग्रेड लिहिताना ती कशावरून दिली ते लिहा, किडनीपेक्षा उजळ, पोर्टल व्हेनच्या (लिव्हरमधल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या) भिंती पुसट, डायफ्रॅम दिसला किंवा नाही दिसला. मागचा भाग दिसलाच नसेल तर तसं लिहा, त्यात कमीपणा काय, तुमच्या हातून नाही दिसला म्हणजे आवाजच तिथे पोचला नाही. 'नॉर्मल' च्या ऐवजी 'या तपासणीत चरबी दिसली नाही, थोडी चरबी यात सुटू शकते' असं लिहिलं तर अर्धी ओळ वाढेल. मोजमाप करत असाल तर सगळी मापं द्या. आधीचा रिपोर्ट मागा, आणि मशीन वेगळं असेल तर 'मागच्याशी थेट तुलना करता येत नाही' हे सरळ लिहा, माझे ते दोन आठवडे वाचले असते. आणि ग्रेड १, २, ३ ही बायोप्सीच्या एस १, एस २, एस ३ शी एकास एक जुळत नाही हेही कुणीतरी जाहीर सांगा, कारण आम्ही सगळे ते एकच समजतो, आणि खरं सांगू का, तुमच्यातलेही काही जण समजतात.

मला कल्पना आहे की तुम्ही म्हणाल रिपोर्ट पेशंटसाठी नसतोच, तो पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी असतो. असेल. पण कागद माझ्या हातात देतात, त्यावर नाव माझं असतं, आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे परत जाईपर्यंत तो मी वीस वेळा वाचलेला असतो, बायकोने वाचलेला असतो, ऑफिसातल्या दोघांनी वाचून सल्ले दिलेले असतात. आणि पाठवणारे डॉक्टरही फक्त शेवटची 'इंप्रेशन' ची ओळ वाचतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुढच्या महिन्यात माझी तारीख आहे. उपाशीपोटी येतो, तिन्ही जुने रिपोर्ट आणि दोन्ही फायब्रोस्कॅनचे कागद घेऊन येतो, वजन ७९ आहे आता, तेही लिहून आणतो. तुम्ही फक्त टेम्प्लेट उघडलं की आधी ती पित्ताशयाची ओळ खोडा.

तुमचाच,
ग्रेड २ (बहुतेक)